रस्त्यावर टाकलेलं मीठ जातं कुठे?

मी मूळचा दर्यापूरकडचा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे ना, त्यातला. आमच्याकडे विहिरीला पाणी असतं पण ते खारं, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, शेताला द्यावं तर जमीन बिघडते, म्हणून विहीर भरलेली असतानाही कपाशी आणि तूर पावसाच्याच भरवशावर. आजी त्या पाण्याकडे बघून म्हणायची, "हे पानी त ढोरंबी पेत नाही." गोडं पाणी लांबून आणायचं आणि जपून वापरायचं, हे अंगवळणी पडलेलं.

आणि आता मी राहतो मिनियापोलिसच्या एका सबर्बमध्ये. मिनेसोटा म्हणजे दहा हजार तलावांचं राज्य, गाड्यांच्या नंबरप्लेटवरही तेच लिहिलेलं असतं. घराच्या चार बाजूंना गोडं पाणी. आणि दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल रस्त्यांवरचा बर्फ सोडवायला मीठ टाकून आपण सगळे मिळून ते त्या पाण्यात ओततोय, अक्षरशः ट्रकच्या ट्रक. आमच्या पट्ट्यात निसर्गानेच पाणी खारं केलं, त्याला कोणाचा इलाज नव्हता. इथे ते आपण हाताने करतोय, म्हणून हा विषय मला फार लागतो आणि म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मीठ टाकतात कशाला ते बघू. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात पॉटचं आईस्क्रीम व्हायचं त्यांना हे लगेच कळेल. लाकडी बादली, मधे दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि त्यावर जाडं मीठ, मग आळीपाळीने हँडल फिरवायचं. मीठ टाकलं की बर्फ वितळायला लागतो पण ते पाणी शून्य अंशाच्याही खाली गार होतं, गोठत मात्र नाही, आणि त्या गारव्याने आतलं दूध गोठतं. रस्त्यावर तेच. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो, मीठ त्यात विरघळतं, खारं पाणी तयार होतं, ते शून्याला गोठत नाही, ते खाली बर्फात झिरपत जातं आणि बर्फाची रस्त्यावरची पकड सुटते. म्हणजे मिठाचं खरं काम सगळा बर्फ वितळवणं हे नाहीच, पकड सोडवणं हे आहे, बाकीचं काम प्लाऊने, म्हणजे बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीने, किंवा फावड्याने करायचं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा मुद्दा तापमानाचा. प्रयोगशाळेत २३ टक्क्यांच्या आसपासचं मिठाचं पाणी -२१ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही, पण रस्त्यावर तसं होत नाही कारण बर्फ वितळला की ते पाणी पातळ होत जातं. १ किलो मीठ -१ अंशाला सुमारे ४६ किलो बर्फ वितळवतं, तेच -७ च्या आसपास साडेआठ किलो, -९ ला जेमतेम ६ किलो आणि -१८ ला तर पावणेचार किलोसुद्धा नाही. म्हणून -९ च्या खाली, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १५ च्या खाली, साधं मीठ टाकून फारसा उपयोग नसतो. इथे मिनेसोटात जानेवारीत रात्री -१५, -२० सहज होतं. तेव्हा लोक काय करतात, मीठ काम करत नाहीये असं दिसलं की आणखी टाकतात. ते तसंच पडून राहतं, थंडी कमी झाली की एकदम विरघळतं आणि गटारात जातं.

हे मीठ येतं कुठून? डेट्रॉइट शहराच्या खाली खाण आहे, क्लीव्हलंडला ईरी सरोवराच्या तळाखाली आहे, कॅनडात गॉडरिचला ह्युरॉन सरोवराखाली तर जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ खाली गाडलं गेलं. रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात न्यू हॅम्पशायरमध्ये १९३८ साली प्रयोग म्हणून झाली, आता अमेरिकेत वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास जातं, देशात जेवढं मीठ वापरलं जातं त्यातलं सुमारे ४० टक्के नुसतं रस्त्यांवर. आपण खातो ते त्यापुढे काहीच नाही.

आता मुख्य प्रश्न. बर्फ वितळला, रस्ता काळा झाला, मीठ दिसेनासं झालं. गेलं कुठे?

मीठ पाण्यात गेलं की त्याचे दोन भाग होतात, सोडियम आणि क्लोराइड. सोडियम थोडंफार मातीला चिकटतं आणि तिथे त्रास देतं, मातीच्या कणांवरचं कॅल्शियम, मॅग्नेशियम हटवून स्वतः जागा घेतं, मग माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही, चोपण जमीन म्हणतो ती हीच. इथे रस्त्याच्या कडेची माती हळूहळू चोपण होतेय, आणि मातीने धरून ठेवलेले काही धातूही त्यामुळे सुटून पाण्यात येतात. वसंतात हायवेलगतच्या पाइनच्या झाडांची रस्त्याकडची बाजू करपल्यासारखी तपकिरी दिसते ना, तीही बऱ्याचदा याच मिठाने भाजलेली असते.

पण खरा प्रश्न क्लोराइडचा. ते कशालाच चिकटत नाही. मातीला नाही, वाळूला नाही. ते कुजत नाही, उडून जात नाही, जीवाणू त्याला खाऊन संपवत नाहीत. शेतातला नायट्रेट निदान झाडं घेतात, पाणथळ जागेतले जीवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. क्लोराइडचं तसं काही नाही, पाणी जाईल तिकडे ते जातं आणि पाणी थांबेल तिथे साठतं. बाहेर काढायचं असेल तर रिव्हर्स ऑस्मोसिस करा, म्हणजे आपल्या घरातला आरओ, पण अख्ख्या तलावाला आरओ कोण लावणार, आणि लावला तरी जे खारं पाणी मागे उरेल ते कुठे टाकणार? लहानपणी हातून मीठ सांडलं की घरात ऐकवायचे, सांडलेलं मीठ देव पापण्यांनी वेचायला लावतो. पाण्यात सांडलेलं तर पापण्यांनीही वेचता येत नाही.

किती मिठाने किती पाणी बिघडतं याचा हिशोब करून बघू, सोपा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये मर्यादा ठरवली, की पाण्यातल्या जिवांसाठी क्लोराइड दीर्घकाळ लिटरला २३० मिलिग्रॅमच्या वर नको आणि थोड्या वेळापुरतंही ८६० च्या वर नको. कॅनडाची मर्यादा आणखी कडक, १२०. आता १ चमचा मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम, त्यात क्लोराइड साडेतीन ग्रॅमच्या वर. २३० ने भागा. एका चमच्याने पंधरा-सोळा लिटर गोडं पाणी, म्हणजे एक मोठी बादली भरून, मर्यादेपर्यंत पोचतं. तो एक चमचा. दुकानातून आपण जी पिशवी आणतो ती २० किलोच्या आसपासची असते.

मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विन सिटीजचा, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल परिसराचा, मिठाचा जमाखर्च मांडला होता. किती मीठ टाकलं गेलं, आणि मिसिसिपी नदीतून किती खाली वाहून गेलं. उत्तर आलं की जवळजवळ ७० टक्के मीठ गेलंच नाही, इथेच राहिलं, तलावांत, मातीत, भूजलात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच बराच वेळ काही सुचलं नाही, कारण माझी समजूत अशी होती की एवढी मोठी नदी आहे, धुऊन नेत असेल. कोकणात खाजणाचा बांध फुटून खारं पाणी भातखाचरात शिरलं तरी पुढच्या पावसाळ्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून ते हळूहळू धुऊन जातं. इथे वर्षाला बर्फ धरून ७५०-८०० मिलिमीटर, आणि दर हिवाळ्यात नवीन भर. आज मिनेसोटात ५० हून जास्त तलाव आणि ओढे क्लोराइडमुळे बिघडलेले म्हणून सरकारी यादीत आहेत.

तलावाचं काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते नुसतं खारट होण्यापुरतं नाही. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशाला, त्याहून गार किंवा त्याहून गरम झालं की हलकं होतं, आणि गोठून बर्फ झालं की आणखी हलकं, म्हणून तर बर्फ वर तरंगतो आणि खाली मासे जगतात. उन्हाळ्यात गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर असतात. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन ४ अंशाला येतं, वर-खाली सारखं होतं, वारा सुटला की सगळा तलाव ढवळून निघतो. वसंतात बर्फ गेला की पुन्हा तसंच. वर्षातून दोनदा तलाव श्वास घेतो असं मी मुलीला सांगतो, वरचा ऑक्सिजन खाली जातो, खालचं साठलेलं वर येतं. आता यात मीठ घाला. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, ते गटारातून तलावात आलं की सरळ तळाशी जाऊन बसतं. वसंतात वारा येतो, वरचं पाणी हलतं, पण तळाचा जड थर जागचा हलत नाही. म्हणजे तळाशी ऑक्सिजन पोचतच नाही. असलेला संपतो, मासे आणि किडे तिथून हटतात किंवा मरतात, आणि ऑक्सिजन नसला की तळाच्या गाळात बांधलेला फॉस्फरस सुटतो, जो शेवाळाचं खाद्य.

हे काही फक्त कागदावरचं नाही. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या इरॉन्डेक्वॉइट बेमध्ये रोड सॉल्टमुळे वसंतातलं ढवळणं अडतंय हे १९७१ मध्येच प्रसिद्ध झालं होतं, म्हणजे ५० वर्षांहून जास्त काळ आपल्याला माहीत आहे. लेक प्लॅसिड गावातला मिरर लेक, जिथे १९३२ आणि १९८० चं हिवाळी ऑलिम्पिक झालं ते गाव, तो तलावही असाच वसंतात ढवळेनासा झाला होता. पण त्याची गोष्ट तिथेच संपत नाही, गावाने मीठ कमी केलं आणि तो तलाव परत ढवळायला लागला. मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगतो, कारण "आता काय उपयोग" हे वाक्य फार ऐकलंय. लहान तलाव, ज्यातून पाणी वाहतं राहतं, ते सुधारतात, वरून भर थांबली तर.

जिवांबद्दल थोडक्यात. तलावात झूप्लँक्टन नावाचे बारीक जीव असतात, डोळ्याला ठिपक्यासारखे दिसणारे, ते शेवाळ खातात आणि त्यांना लहान मासे खातात. मीठ वाढलं की सगळ्यात आधी हे कमी होतात, मग शेवाळाला खाणारं कोणी उरत नाही आणि पाणी हिरवं व्हायला लागतं. २०२२ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या संशोधकांनी मिळून प्रयोग केले, त्यात निघालं की सरकारी मर्यादेच्या आतल्या मिठानेसुद्धा बऱ्याच ठिकाणी हे जीव मोठ्या प्रमाणात घटतात. म्हणजे वर जे २३० सांगितलं ते सुरक्षित आहे असंही समजू नका.

बाल्टिमोरच्या ओढ्यांमध्ये तर हिवाळ्यात समुद्राच्या पाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढं क्लोराइड मोजलं गेलंय, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणि गंमत वाटेल, पण खरं तर काळजीची गोष्ट ही की उन्हाळ्यात, जेव्हा महिनोन् महिने मीठ टाकलेलं नसतं, तेव्हाही अशा ओढ्यांचं पाणी जंगलातल्या ओढ्यांपेक्षा कितीतरी पट खारट असतं. ते येतं कुठून? भूजलातून. हिवाळ्यात मुरलेलं खारं पाणी जमिनीखालून सावकाश सरकत ओढ्याला येतं, काही ठिकाणी त्याला वर्षं लागतात. म्हणजे आजच्या ओढ्यात जे दिसतंय त्यात जुन्या हिवाळ्यांचं मीठ आहे, आणि आजचं अजून यायचंय.

भूजल म्हटलं की पिण्याचं पाणी आलंच. क्लोराइड २५० च्या वर गेलं की पाण्याला चव लागते. सोडियमची चव लागायच्या आधीच ज्यांना डॉक्टरांनी मीठ अगदी बंद केलंय त्यांना अडचण, त्यांच्यासाठी लिटरला २० मिलिग्रॅमचा सल्ला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगराळ भागात राज्याच्या रस्त्यांच्या उताराला असलेल्या घरगुती विहिरी तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त विहिरींत सोडियम त्या २० च्या वर निघालं. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन शहराची १४ नंबरची विहीर आहे, मोठ्या वर्दळीच्या रस्त्याजवळ, तिच्यातलं सोडियम, क्लोराइड वर्षानुवर्षं वाढत गेलंय. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला "गोड्या विहिरीचं पाणी खारट होतंय" हे वाक्य वाचताना कसं होतं ते दुसऱ्याला सांगता येत नाही.

आणि फ्लिंट. मिशिगनमधल्या या शहराचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, शिसं मिसळलेल्या पाण्यामुळे, पण त्यात क्लोराइडचा भाग आहे हे कमी लोकांना माहीत असतं. एप्रिल २०१४ मध्ये शहराने पैसे वाचवायला डेट्रॉइटकडून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. त्या पाण्यात क्लोराइड आधीच्या पाण्याच्या सुमारे ८ पट होतं, काही रोड सॉल्टचं, काही शुद्धीकरणात वापरलेल्या फेरिक क्लोराइडचं. क्लोराइड धातूला खातं, खाऱ्या हवेत मुंबईतल्या खिडक्यांचे गज कसे गंजतात ते आपण बघतोच. तिथले जुने नळ शिशाचे. पाइपला आतून संरक्षक थर राहावा म्हणून जे रसायन घालायला हवं होतं ते घातलंच नाही, ही सगळ्यात मोठी चूक आणि ती माणसांची, मिठाची नाही. पण पाणी जितकं जास्त खारट तितकी अशी चूक महाग पडते. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने तिथल्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. घराघरांत लहान मुलांना तेच पाणी त्यानंतर पुढचं वर्षभर दिलं जात होतं. एवढं लिहूनही हात थांबतो.

मग मीठ बंदच करायचं का? नाही. बर्फाळ रस्त्यावर गाडी घसरून माणसं मरतात, अँब्युलन्सला जायचं असतं, म्हाताऱ्या माणसांचं खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं आपण जाणतो. मीठ जीव वाचवतं. मुद्दा एवढाच की जेवढं लागतं त्याच्यापेक्षा खूप जास्त टाकलं जातं.

सरकारी रस्त्यांवर खरं तर बरीच सुधारणा झालीये. स्नो पडायच्या आधीच २३ टक्क्यांचं मिठाचं पाणी रस्त्यावर पट्ट्या पट्ट्यांनी फवारतात, तुम्ही पाहिल्या असतील त्या पांढऱ्या रेघा, त्यामुळे बर्फ चिकटतच नाही आणि नंतर कमी मिठात काम होतं. ट्रकमधलं मीठ टाकतानाच ओलं करतात म्हणजे उडून बाजूला जात नाही. रस्त्याचं तापमान मोजून किती टाकायचं ते ठरवतात. मिनेसोटात ट्रक चालवणाऱ्यांसाठी स्मार्ट सॉल्टिंग नावाचं सरकारी ट्रेनिंग आहे. अडचण जास्त आहे ती दुकानांच्या, ऑफिसांच्या, सोसायट्यांच्या पार्किंग लॉटमध्ये. मी पूर्वी जिथे कामाला होतो तिथल्या लॉटमध्ये बुटाखाली मीठ करकर वाजायचं, आकाश निरभ्र, जमीन कोरडी, तरी थर. मी मीठ टाकणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, कोणी पडलं आणि केस झाली तर मला धरतील, जास्त टाकलं म्हणून अजून कोणी धरलेलं नाही. त्याचं म्हणणं चूक नाही. म्हणून न्यू हॅम्पशायरने केलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो, तिथे जे कंत्राटदार ट्रेनिंग घेऊन प्रमाणपत्र मिळवतात आणि नोंदी ठेवतात त्यांना अशा घसरून पडण्याच्या दाव्यांपासून कायद्याने संरक्षण आहे. माणसाची भीती काढली तर मीठ आपोआप कमी होतं.

बीटचा रस टाकतात, तो चालतो का, असं लोक विचारतात. तो मिठात मिसळून वापरतात, मीठ कमी लागतं हे खरं, पण तो पाण्यात गेला की कुजतो आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, वर फॉस्फरसही देतो. कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड जास्त थंडीत चालतात पण नावातच आहे, क्लोराइड. पिशवीवर झाडाचं चित्र आणि "पर्यावरणस्नेही" लिहिलेलं असलं तरी मागची बाजू वाचा. वाळू काही वितळवत नाही, फक्त पकड देते, फार थंडीत ती बरी, नंतर झाडून घ्यावी लागते नाहीतर गटारं तुंबतात.

घरी काय करायचं? आधी फावडं, आणि लवकर, पायांनी-चाकांनी दाबून घट्ट व्हायच्या आत. नीट काढलं तर अर्ध्या वेळा मीठ लागतच नाही. लागलंच तर एक कॉफीचा मग, साधारण ३५० मिलीचा, तो भरून मीठ ६ मीटर लांबीच्या ड्राइव्हवेला किंवा फुटपाथच्या काँक्रीटच्या १० चौकोनांना पुरतं. दाण्यात अंतर ठेवून टाकायचं, ढीग करून नाही. -९ च्या खाली असेल तर टाकूच नका, वाळू टाका. आणि पाणी कठीण आहे, म्हणजे साबणाला फेस येत नाही, म्हणून घरात वॉटर सॉफ्टनर, म्हणजे मीठ वापरून पाणी मऊ करणारं मशीन, असेल तर त्याचं मीठही शेवटी नदीतच जातं, सांडपाण्याचा प्लँट क्लोराइड काढत नाही, म्हणून त्याचं सेटिंग एकदा तपासून घ्या, जुनी टायमरवाली मशीनं उगीचच मीठ खातात. घराजवळचा ओढा तपासायचा असेल तर सॉल्ट वॉच नावाच्या उपक्रमात क्लोराइड मोजायच्या पट्ट्या फुकट पाठवतात, मुलांबरोबर करायला छान काम आहे.

गेल्या मार्चमध्ये आई दर्यापूरहून आली होती. बर्फ गेला होता, ड्राइव्हवे कोरडा, आणि कडेला मिठाचे खडे तसेच पडलेले, माझेच, जानेवारीत थंडीत वाया गेलेले. तिने विचारलं हे काय, मी सांगितलं. ती आत गेली, गॅरेजमधला झाडू आणि सुपली घेऊन आली, सगळं गोळा केलं, चाळून खडी वेगळी काढली आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण लावून ठेवलं. एप्रिलमध्ये पुन्हा स्नो पडला तेव्हा तोच डबा काढला, आणि निम्मा अजून शिल्लक आहे.